फाटकाचे दोन डोळे

तेलंगणातल्या इचोड्यात 'नागोराव रेडिओवाले' हे नाव अजून चालतं. रेडिओ चालायचे मात्र कधीच थांबले. हैदराबाद-नागपूर रस्त्याच्या कडेला, ढाबे आणि पंक्चरवाल्यांच्या मधोमध त्यांचं दुकान होतं. रेडिओ गेले तसे टेपरेकॉर्डर आले, ते गेले तसे टीव्ही आले, आणि टीव्हीच फोटोसारखे भिंतीला टांगायची वेळ आली तेव्हा नागोरावांनी शटर खाली ओढलं. दुकानातला पसारा टेम्पोत भरून घरी आणला. बायकोनं, कौशल्याबाईंनी, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मागच्या खोलीत ठेवू दिला. अट एकच: वांग्याच्या वाफ्यात एकही स्क्रू सापडता कामा नये.

वाफे कौशल्याबाईंचे. घरामागच्या जागेत त्या वांगी, मेथी, पालक, वाल घ्यायच्या आणि बाजाराच्या दिवशी पाटी डोक्यावर घेऊन विकायला जायच्या. मुलगी बोथला दिलेली, ती सणावाराला येऊन जायची. दोघांचं मजेत चाललं होतं. तक्रारीला म्हणून कुठे जागा नव्हती, आणि नागोरावांसारख्या चिडक्या माणसाची तीच मोठी अडचण होती.

मग कौशल्याबाईंचे कान गेले. एकदम नाही. आधी कुकरची शिट्टी गेली, मग कोंबडा, मग रस्त्यावरचे हॉर्न, मग मागून मारलेली हाक. समोरच्याचं तोंड दिसलं आणि तो जवळून मोठ्यानं बोलला तर त्यांना कळायचं. थोडं कानांनी, थोडं ओठ पाहून त्या जुळवून घ्यायच्या. आदिलाबादच्या डॉक्टरांनी कानात घालायचं मशीन दिलं. ते कानातल्या कानात शिट्ट्या मारायचं. बाईंनी ते डब्यात टाकलं आणि नवऱ्याला समोर बसवलं.

"कोनाले सांगू नका. एकदा भैरी म्हनून नाव पडलं तं मरेपर्यंत जात नाई."

"भैरं होनं काई चोरी हाय का?"

"सांगतलं तं माया गळ्याची आन हाय तुमाले."

नागोरावांनी आन पाळली. उगाच पाळली, असं पुढे त्यांना रोज वाटायला लागलं, आणि त्याला कारण तुळजाबाई.

तुळजाबाई म्हणजे कौशल्याबाईंची जिवाभावाची मैत्रीण. एकाच लगीनसराईत दोघी सुना होऊन या गावात आल्या. बाजारात दोघींच्या पाट्या शेजारी शेजारी, एकीचं गिऱ्हाईक दुसरीकडे ढकलायचं आणि दोघींनी मिळून त्याच्या घासाघिशीला हसायचं. तुळजाबाई मारुतीच्या देवळामागे राहायच्या आणि मन झालं की इकडे यायच्या. पण त्यांना एक खोड होती. सासूनं लावलेलं वळण म्हणा. घरच्या बाईनं 'ये' म्हटल्याशिवाय त्या कुणाच्या फाटकात पाय टाकायच्या नाहीत. अगदी रोजच्या घरीसुद्धा. बाहेर उभं राहायचं, हाक मारायची, आतून 'ये' आलं की मगच आत.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या वाटीत करंज्या घेऊन आल्या. फाटकातून घराच्या कडेची बोळ दिसते आणि बोळीच्या टोकाला वाफे. कौशल्याबाई पाठमोऱ्या बसून पालक धूत होत्या. तुळजाबाईंनी हाक मारली. परत मारली. घसा फाटेपर्यंत मारली. पाठ काही वळली नाही. तुळजाबाई करंज्या घेऊन परत गेल्या. पुढच्या बाजाराला त्यांची पाटी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला लागली होती. कौशल्याबाईंना त्या दिवशी बरं नव्हतं म्हणून नागोराव मेथीच्या जुड्या घेऊन गेले होते.

"तुमच्या घरचं फाटक लई उंच झालं भाऊजी," तुळजाबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून गिऱ्हाइकाला टमाटे मोजायला लागल्या.

नागोरावांनी घरी येऊन बायकोच्या कानाशी सगळं ओरडून सांगितलं.

"ती आली व्हती? मले समजलंच नाई वं माय."

"मी सांगतो तिले खरं काय ते."

"आन हाय."

"मंग तू जा तिच्या घरी."

"जाऊ कशी? ती लांबून बोलली आन मले ऐकू नाई आलं, तं पुन्हा तेच होईन. आता तं ती हळूच बोलन, रागात हाय ना." कौशल्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. "तिले येऊ द्या. ती आली का मी तिच्या तोंडाकडं पाह्यत बसन."

त्यानंतर त्यांनी बाजारात जाणंच सोडलं. शेजारच्या रेणुकाबाई पाटी नेऊन विकून द्यायच्या. दिवसभर वाफे आणि चूल, चूल आणि वाफे. नागोराव पाहत होते आणि त्यांचा जीव तुटत होता. बायकोसाठी काय करावं हे कळत नसलं की ते जगावर चिडायचे, म्हणून त्या दिवसांत त्यांनी सरकार, पाऊस, मोबाइल कंपन्या आणि घरातलं मांजर यांना भरपूर शिव्या दिल्या.

त्यात महिपतच्या टपरीवर चहा पिताना बातमी आली. आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे होणार, आणि तेही येत्या दसऱ्याच्या मुहूर्तावर. नवी कलेक्टर कचेरी मंचेरियलला, निर्मलला, आसिफाबादला. कोणतं गाव कुठल्या जिल्ह्यात यावरून टपरीवर रोज भांडणं चालली होती. पण नागोरावांच्या कानात शिरली ती शेवटची गोष्ट. तुळजाबाईंचा मुलगा चंपतराव बोथच्या तहसील कचेरीत कारकून. त्याची बदली मंचेरियलच्या नव्या कचेरीत झाली होती. दसरा झाला की आईला घेऊन तो जाणार.

नागोरावांनी चहा अर्धा टाकला. म्हणजे तुळजाबाई येतील तर एकदाच येतील: दसऱ्याच्या संध्याकाळी, शमीचं सोनं द्यायला. त्या दिवशी भांडणातली माणसंही एकमेकांच्या दारी जातात. त्या येतील, फाटकाबाहेर उभ्या राहतील, हाक मारतील. आतून 'ये' आलं नाही तर दुसऱ्या दिवशी सामान गाडीत, आणि मग या जन्मात काही ही गाठ सुटायची नाही.

उपाय सुचला तो घरी येऊन टीव्ही लावताना. त्यांनी रिमोट दाबला, तेवढ्यात मांजर आडवं गेलं आणि चॅनल बदललं नाही. नागोराव मांजरावर ओरडणार होते, पण तोंड उघडं ठेवूनच ते रिमोटकडे बघत राहिले.

रिमोटच्या तोंडाशी काचेचा एक बारीक दाणा असतो. त्यातून उजेडच निघतो, पण आपल्या डोळ्यांना न दिसणारा. फाटकाच्या एका खांबावर असा दाणा बसवायचा आणि समोरच्या खांबावर तो उजेड पाहणारा डोळा. दोन्ही खांबांच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे फाटकाबाहेर माणूस नुसता उभा राहिला तरी उजेड तुटणार, उजेड तुटला की घरात वर्दी. लोक चोरासाठी असली घंटी लावतात. नागोरावांना पाहुणे पकडायचे होते. आणि घंटी तर इथे काही कामाचीच नव्हती, म्हणून तिच्या जागी त्यांनी लाल दिवे धरले: एक स्वयंपाकघरात ओट्याच्या वर आणि एक मागच्या भिंतीवर, वाफ्यांच्या समोर.

"पितृपक्ष चालू हाय," कौशल्याबाई म्हणाल्या. "नवं काई काढू नये."

"मशीनले पितर नसतेत," नागोराव म्हणाले आणि मागच्या खोलीत शिरले.

मेलेल्या रिमोटांचं तिथे एक खोकंच होतं. त्यांतून त्यांनी दाणे उपटले आणि तीन एका ओळीत जोडले, कारण एकाचा उजेड फाटकाची रुंदी ओलांडेपर्यंत दमायचा. दाणा पेटलाय की नाही हे नुसतं पाहून समजत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं की तो जांभळट चमकतो. त्यांनी ते बायकोला दाखवलं. कौशल्याबाईंनी मोबाइलमधून पाहिलं, मोबाइल बाजूला करून पाहिलं, मग परत मोबाइलमधून.

"हे तं भूत हाय."

"भूत नाई, उजेड हाय. तुले दिसत नाई, एवढंच."

"ऐकू येत नव्हतं, आता दिसत बी नाई म्हना!"

दोघंही खो खो हसले. पोळ्यानंतर घरात पहिल्यांदाच असं हसणं झालं होतं, आणि नागोरावांना इतकं बरं वाटलं की त्यांनी मांजराला दूध घातलं.

पाहणाऱ्या डोळ्याच्या मागे त्यांनी आठ पायांची एक काळी आयसी बसवली. डोळ्यावर किती उजेड पडतोय ते ही आयसी ठरवलेल्या मापाशी ताडून पाहते. मापापेक्षा कमी पडला की रिले 'टक' करून दिवा लावतो. माप ठरवायला एक बारीकसा स्क्रू असतो, तो पिळत ते एक अख्खी दुपार फाटकात बसले. माणूस निघून गेला तरी दिवा थोडा वेळ जळत राहावा म्हणून एक कपॅसिटर टाकला. बाई कणीक मळत असली, पाठ फिरवून असली, तरी वळेपर्यंत दिवा तिची वाट बघेल.

संध्याकाळी लावून पाहिलं तर झकास. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र नागोराव फाटकात उभे राहिले आणि दिवा लागेना. हात हलवले, बसून पाहिलं, उडी मारली. रस्त्यावरच्या ट्रकवाल्यानं गाडी हळू करून हा तमाशा पाहून घेतला. शेवटी नागोरावांनी वर बघितलं आणि कपाळावर हात मारला. डोळा उत्तरेच्या खांबावर होता, तोंड दक्षिणेला, आणि ऊन सरळ त्याच्यात शिरत होतं. उन्हातही तोच न दिसणारा उजेड रग्गड असतो. डोळा आपला समजत होता की फाटक मोकळं आहे. मग त्यांनी खांबांची अदलाबदल केली, डोळा दक्षिणेच्या खांबावर नेऊन त्याचं तोंड उत्तरेला केलं आणि पुढे काळ्या पाइपाचा तुकडा नळीसारखा बसवला. त्यानंतर दुपारही वठणीवर आली.

मग कुत्री. डोळा गुडघ्याच्या उंचीवर असल्यामुळे गावातलं प्रत्येक कुत्रं पाहुणा ठरत होतं. नागोरावांनी तो कमरेइतका वर नेला. कुत्र्या-शेळ्या खालून निसटायला लागल्या, त्याचं उलट कौशल्याबाईंना वाईट वाटलं, कारण शेळी आलेली कळली तर मेथी वाचते.

घट बसले आणि मशीन खरोखर कामाला लागलं. दूधवाला फाटकात पाय ठेवतो तो कौशल्याबाई पातेलं घेऊन हजर. वीजबिलवाला हाक मारायला तोंड उघडतो तो त्या समोर. रेणुकाबाई दोनदा आल्या आणि दोन्ही वेळा कौशल्याबाई बोळीतून हसत येताना दिसल्या. तिसऱ्यांदा मात्र रेणुकाबाई हात जोडूनच आल्या.

"भाऊजी, खरं सांगा," त्यांनी नागोरावांना बाजूला घेऊन विचारलं. "कौशल्याबाईच्या अंगात देवी येऊन राह्यली का? मानूस याच्या आधीच तिले समजते."

नागोरावांना सांगण्याचा मोह झाला. पण दिव्याचं कारण सांगायचं तर कानांचं सांगावं लागणार. "नवरात्र हाय," ते गंभीरपणे म्हणाले. रेणुकाबाईंनी तिथूनच घराला नमस्कार केला.

कौशल्याबाईंचा चेहरा उजळला होता. पण प्रत्येक वेळी दिवा लागला की त्या हातातलं टाकून ज्या धावत जायच्या, ते दूधवाल्यासाठी नव्हतं. फाटकाशी पोचल्यावर क्षणभर त्यांचा चेहरा पडायचा, मग त्या हसायच्या आणि दूध घ्यायच्या. संध्याकाळी गल्लीत बतुकम्माची, म्हणजे फुलांच्या देवीची, आरास मांडून बाया फेर धरायच्या. कौशल्याबाई फाटकातूनच त्या घोळक्यात एक तोंड शोधायच्या. नागोराव हे सगळं पाहायचे आणि खांबावरचा स्क्रू उगाच थोडा पिळून बघायचे.

दसरा उजाडला. सकाळपासून हायवेवरून झेंडे लावलेल्या गाड्या पळत होत्या. चार जिल्ह्यांचा गुलाल एकदमच उधळला जात होता. दुपारनंतर नागोरावांनी पाट मांडला. सोल्डरिंगची गन, मल्टिमीटर, पक्कड, कौशल्याबाईंचा तराजू आणि विळा, सगळं ओळीनं ठेवलं, आणि अर्ध्या आयुष्याच्या सवयीनं एकेकाला ओली हळद, वर कुंकू, वर तांदळाचा दाणा लावला. हत्याराला बोट लागलं की हात पुढच्या हत्यारावर जातो, डोकं त्यात नसतं. पाटावरचं संपलं. मग ते नवं धोतर सावरत सीमोल्लंघनाला निघाले. फाटकात आले आणि खांबांवरचे दोन डबे दिसले. वर्षातलं सगळ्यात कामाचं यंत्र, आणि त्यालाच विसरलो! बोटाला हळद होतीच. त्यांनी एका डब्याला टिळा लावला, दुसऱ्याच्या नळीत बोट घालून आतल्या काचेला लावला, दोन्हीला हात जोडले आणि समाधानानं शमीच्या झाडाकडे गेले. मागे स्वयंपाकघरात दिवा लागला. आपण फाटक ओलांडलं म्हणून लागला, असं त्यांना वाटलं.

गावाबाहेर शमीपाशी गर्दी होती. सोनं लुटून झालं, गळाभेटी झाल्या. चंपतराव पाया पडायला वाकला.

"उद्या सकाळी गाडी लावून राह्यलो काका. आई आताच निघाली तुमच्या घराकडं. दिवसभर नाई नाई म्हने, आन मंग उठलीच."

नागोरावांना त्या पोराला मिठी मारावीशी वाटली, आणि त्यांनी मारलीही. मग पानं खिशात कोंबून ते घराकडे सुटले. आज दिवा लागणार, कौशल्या धावत येणार, 'ये' म्हणणार. आपण फाटकाशी पोचेपर्यंत दोघी ओट्यावर बसून रडत असणार. चालता चालता त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

वळणावर घर दिसलं. स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याकडे आहे. आत लाल दिवा जळत होता. ते चालत राहिले. दिवा जळतच होता. फाटकात कुणी नव्हतं. कपॅसिटर एवढा वेळ धरत नाही, हे त्यांच्यापेक्षा चांगलं कुणाला माहीत? मांजर बसलं असेल. पाखरानं नळीत काड्या भरल्या असतील. कुणा कार्ट्यानं दगड मारला असेल! घाम पुसायला त्यांनी हात वर केला आणि नाकासमोर स्वतःचं बोट आलं. पिवळं, टोकाला लाल, नखाशी तांदळाचा कण.

मशीनचा डोळा त्यांनी स्वतः, भक्तिभावानं, लिंपला होता. डोळ्यावर हळदीचा लपका, म्हणजे उजेड कायमचा तुटलेला, म्हणजे दिवा कायमचा लागलेला. आणि जो दिवा विझतच नाही तो कुणाला काय सांगणार?

पुढे तुळजाबाई चालल्या होत्या. हिरवं लुगडं, ओच्यात पानं, गुडघे दुखत असल्यामुळे थांबत थांबत. चार ढांगा टाकल्या असत्या तर नागोरावांनी त्यांना गाठलं असतं. पण गाठून सांगायचं काय? आन घातलेली. पुढे धावत जाऊन बायकोला हाताला धरून बाहेर आणावं, तर तेवढ्यावरूनच तुळजाबाईंना कळणार. ते मागे मागे चालत राहिले आणि मनात देवाला, आणि देव ऐकेना म्हणून आयसीला, विनवत राहिले.

तेवढ्यात त्यांना कौशल्याबाई दिसल्या. फाटकाच्या आतच, खांबाला टेकून, पाटावर बसलेल्या. पुढ्यात सुपात मेथी. मान खाली घालून त्या पानं खुडत होत्या.

तुळजाबाई फाटकाबाहेर थांबल्या. आत बसलेली मैत्रीण हात लांबवला तर हाताला लागेल इतकी जवळ.

"कौसल्ये."

कौशल्याबाईंनी एक काडी उचलली, पानं खुडली, काडी टाकली.

"कौसल्ये!"

दुसरी काडी. तुळजाबाईंची पाठ ताठ झालेली नागोरावांना मागून दिसली. संपलं, त्यांच्या मनात आलं. लांबून ऐकलं नाही तेही एक वेळ ठीक, पण नाकासमोर बसून मान वर करत नाही, यापेक्षा मोठा अपमान तो कोणता? तुळजाबाईंनी ओच्यातली पानं मुठीत धरली आणि त्या परत वळल्या.

त्याच वेळी नागपूरकडून आलेल्या एका ट्रकवाल्यानं फाटकासमोरच हॉर्न दाबला. सणाच्या खुशीत असावा, कारण दाबला तो सोडेचना. तुळजाबाई दचकून खांबाला धरून उभ्या राहिल्या. झाडावरचे कावळे उठले. नागोरावांचे कान बधिर झाले. ट्रक गेला, धूळ खाली बसली.

कौशल्याबाई मेथी खुडत होत्या. बतुकम्माचं कुठलंसं गाणं बेसूर गुणगुणत होत्या, आणि त्यांची मान इकडची तिकडे झाली नव्हती.

तुळजाबाईंनी गेलेल्या ट्रककडे पाहिलं. मग मैत्रिणीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि मग, कुणाचं 'ये' आलेलं नसताना, त्यांनी फाटकात पाय टाकला. दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसल्या, कौशल्याबाईंची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि ओठ मोठे करून विचारलं, "कधीपासून?"

कौशल्याबाईंच्या हातातली मेथी सांडली. त्यांनी तुळजाबाईंकडे पाहिलं आणि त्यांच्या खांद्यावरून मागे नवऱ्याकडे.

"तुमी सांगतलं!"

"म्या नाई!" नागोराव ओरडले. "ट्रकवाल्यानं सांगतलं!"

"पोया झाला तवा मी आली व्हती," तुळजाबाई म्हणाल्या. "हाका मारू मारू थकली."

"मले समजलंच नाई वं तुळजे. तुले वाटलं असन मी मुद्दाम..."

"वाटलं. मंग काय वाटन?" तुळजाबाईंचे डोळे भरून आले आणि त्या भरात त्यांनी कौशल्याबाईंच्या पाठीत एक धपका घातला. "मले काऊन नाई सांगतलं? मी काय बाजारात दवंडी पिटली असती?"

"पिटली असती."

तुळजाबाईंनी विचार केला. "जराशीक पिटली असती," त्या म्हणाल्या.

मग दोघी हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. ओच्यातली पानं सुपात सांडली, सोनं आणि मेथी एक झालं. नागोराव फाटकाबाहेरच उभे होते. ते उगाचच खाकरत होते.

"तू इथं बसली कशी?" त्यांनी शेवटी बायकोच्या समोर येऊन विचारलं.

"दिवा इझेच ना तुमचा! लागला का मी धावू, पाहू तं कोनी नाई. परत जावं तं लागलेलाच. कितीकदा उठावं मानसानं? म्हनलं, ज्याले याचं त्याले येऊ द्या, मी इथंच बसते." मग त्यांची नजर नवऱ्याच्या बोटावर गेली, तिथून डब्यावरच्या टिळ्यावर, आणि त्या पुन्हा हसत सुटल्या.

नागोरावांनी धोतराच्या टोकानं नळीतली काच पुसली. आतला दिवा विझला. तुळजाबाईंना सगळं समजावून सांगावं लागलं, आणि नागोरावांनी ते गरजेपेक्षा जास्त सविस्तर सांगितलं: दाणे, नळी, ऊन, कुत्री. तुळजाबाईंनी मधल्या हवेत हात घालून पाहिला, खिडकीत दिवा लागला, हात काढला, थोड्या वेळानं विझला.

"एवढं सगळं मी येईन म्हनून केलं?"

"आनखी कोनासाठी?" कौशल्याबाई त्यांच्या ओठांकडे बघत म्हणाल्या.

तुळजाबाईंनी तोंड रस्त्याकडे फिरवलं, आणि बोलल्या ते नागोरावांशी, अगदी हळू.

"उद्या जाऊन राह्यली भाऊजी. क्वार्टर हाय म्हने, नळ हाय, पंखे हायेत. पन मले हे मशीन तिथं काई कामाचं नाई. मले तं ऐकू येते. हाक माराले कोन येनार हाय तिथं?"

"काय म्हनते ती?" कौशल्याबाईंनी विचारलं. त्यांना नुसती पाठ दिसत होती.

तुळजाबाईंनी नागोरावांकडे पाहून मान हलवली. नका सांगू.

एका बाईचं गुपित सांभाळून काय झालं ते नागोरावांनी पाहिलं होतं. दुसरीचं सांभाळायची त्यांची बिलकूल तयारी नव्हती. ते बायकोच्या कानाशी वाकले आणि तुळजाबाईंचा शब्द न शब्द त्यांनी मोठ्यानं सांगितला, पंख्यांसकट.

कौशल्याबाई उठून उभ्या राहिल्या. पोळ्यापासून त्या या फाटकाबाहेर पडल्या नव्हत्या.

"मी येईन!" त्या म्हणाल्या. "दिवाळीले येतो आमी! उटनूरवरून बस जाते मंचेरियलले. तुया दारात उभी राहून अशी हाक मारीन का तुये सारे शेजारी बाहेर येतीन! मंग घे वळखी करून!"

रस्त्यापलीकडच्या ढाब्यावरची माणसं जेवता जेवता वळून बघायला लागली. कानांचं सुरू झाल्यापासून चारचौघांत बायकोचा आवाज असा चढला की नागोराव हळूच तळहात खाली दाबून खूण करायचे, हळू बोल म्हणून. आताही त्यांचा हात सवयीनं उठला. त्यांनी तो पाठीमागे नेला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

"अजून जोरानं सांग," ते बायकोच्या कानाशी मोठ्यानं म्हणाले. "ढाब्यावाल्यांनी नीट ऐकलं नाई."